ओंडक्यांचं घर, बंगालची नीळ

केरसुणी बांधणाऱ्याच्या दोन्ही तळव्यांना चामड्याचे पट्टे होते आणि पट्ट्यांत, तळव्याच्या ऐन मधोमध, लोखंडाची एकेक चकती बसवलेली. हातात वीतभर लांब सुई, दोन्हीकडून टोकदार. डाव्या तळव्याने ती केरसुणीच्या पोटातून ढकलायची, पलीकडे उजव्याने बाहेर ओढायची, दोरा करकचून आवळायचा आणि त्याच वाटेने परत यायचं. चकती नसती तर सुई तळहातातून आरपार गेली असती. बोलता बोलता त्याचे टाके पडत होते आणि एकही टाका वाकडा जात नव्हता.

त्याआधीचं काम पायाचं. एक लाकडी चौकट, खाली पावडी. पावडी दाबली की चौकटीत अडकवलेला दांडा स्वतःभोवती फिरतो, ताणलेली तार त्यावर गुंडाळली जाते आणि कारागीर भिजवलेल्या काड्यांची एकेक मूठ तारेखाली सरकवत जातो. आधी आतला भरीव थर, मग दोन बाजूंना खांदे, शेवटी वरून दिसणाऱ्या निवडक काड्या. काड्या नीट भिजलेल्या नसतील तर तारेखाली तडकतात. जास्त भिजल्या तर वाळल्यावर आकसतात आणि केरसुणी महिनाभरात दांड्यावर डुगडुगायला लागते. किती भिजवायच्या, हे तो बोटांनी दाबून ठरवत होता.

मी खाली पडलेली एक काडी उचलली. शेंड्याला दोन-तीन तांबूस दाणे अजून चिकटून होते.

"अगं, ही ज्वारी आहे," मी लेकीला म्हटलं.

"आई, इथे कॅनडात कुठली आलीये ज्वारी?"

पण ज्वारीच ती. वनस्पतिशास्त्राच्या लेखी आपल्या शाळूची सख्खी बहीण. फक्त कणीस गच्च न भरता हातभर लांब, ताठ काड्यांचा तुरा धरणारी. १७९७च्या सुमारास मॅसॅच्युसेट्समधल्या हॅडली गावच्या लेव्ही डिकिन्सन नावाच्या शेतकऱ्याने तिच्या केरसुण्या करून विकायला सुरुवात केली. पुढे शेकर पंथाच्या लोकांनी गोल केरसुणी शेगड्यात दाबून, शिवून चपटी केली, म्हणजे एका फटकाऱ्यात जास्त जमीन झाडली जाते. ज्वारीचं मूळ घर आफ्रिका. तिथून निघालेलं एक धान्य आपल्याकडे भाकरी झालं आणि इकडे केरसुणी. हे त्या कारागिराला सांगितलं तर तो हसला आणि विचारता झाला, "खायला कशी लागते?"

या अंकासाठी संपादकांनी 'हात' हा विषय दिला तेव्हा मी टोरांटोला लेकीकडे होते. शहराच्या उत्तर टोकाला, जेन स्ट्रीट आणि स्टील्स ॲव्हेन्यू जिथे मिळतात तिथे, ब्लॅक क्रीक नावाच्या ओढ्याकाठी एकोणिसाव्या शतकातलं एक गाव उभं करून ठेवलंय. तिथे सुगीच्या सणाला जत्रेसारखी गर्दी होते. लोहार, विणकर, पत्र्याची भांडी करणारा, छापखाना, पाणचक्की, सगळे आपापल्या जागी कामाला लागलेले आणि आईबाप पोरांना घेऊन फिरताहेत. लेक, जावई, आठ वर्षांचा नातू आणि मी असे निघालो.

कधीच नसलेलं गाव

फाटकातून आत शिरल्यावर वाटतं, की जुनं खेडं जसंच्या तसं राखलंय. फळ्यांचे पदपथ, कुंपणं, चर्च, शाळा, दुकान, सराई. पण हे गाव असं कधीच नव्हतं. चाळीसेक वास्तू आहेत आणि त्यांतल्या बहुतेक ठिकठिकाणांहून उचलून आणलेल्या. सराई स्कारबरोच्या किंग्स्टन रोडवरची. दुकान लास्के नावाच्या वस्तीतलं. शाळा डिक्सन्स हिलची, १८६१ची. या घरांतली मूळची माणसं एकमेकांना कधी भेटलीही नसतील.

मूळ जागी आहे ते स्टाँग कुटुंबाचं शेत. डॅनियल स्टाँग आणि एलिझाबेथ फिशर या जोडप्याने १८१६ साली इथे ओंडक्यांचं घर बांधलं. दोघंही पेनसिल्व्हेनियातून आलेल्या जर्मन वंशाच्या घरांतली. पहिलं घर अजून उभं आहे. ओंडके कुऱ्हाडीने चौकोनी तासलेले, कोपऱ्यात एकमेकांत खाचा करून बसवलेले, फटींत चुना-मातीचं लिंपण. आत शिरले आणि पहिल्यांदा जाणवली ती उंची. वरचं आढं हाताला लागेल इतकं खाली. थंडीच्या देशात उंच छत म्हणजे जास्तीची लाकडं जाळणं. त्याच्या शेजारी १८३२चं दुसरं घर, ऐसपैस, फळ्या मारलेलं. या दोन घरांच्या मधल्या पंचवीस पावलांत सोळा वर्षांची जंगलतोड आहे.

हे सगळं चालवतं कोण, तर पूरनियंत्रण करणारी संस्था. संग्रहालय आणि पूर यांचा काय संबंध, हे मला आधी उमगेना. १५ ऑक्टोबर १९५४च्या रात्री हेझल चक्रीवादळ टोरांटोवर आलं. हंबर नदी फुगली, रेमोर ड्राइव्ह नावाच्या रस्त्यावरची घरंच्या घरं माणसांसकट वाहून गेली. ओंटारिओत ८१ जण दगावले. त्यानंतर नदीकाठची सखल जमीन सरकारने ताब्यात घ्यायची आणि तिथे पुन्हा घरं बांधू द्यायची नाहीत, असं धोरण आलं. १९५७ साली पाणलोट सांभाळणाऱ्या लहान-लहान मंडळांचं एकत्रीकरण होऊन टोरांटो आणि परिसराचं मोठं प्राधिकरण झालं. ब्लॅक क्रीक हा हंबरचाच ओढा. रिकाम्या ठेवलेल्या ओढ्याकाठच्या जमिनी, त्यांवरचे जुने वाडे आणि कोठारं अशी सगळीच जबाबदारी प्राधिकरणाकडे होती. जवळच योहानेस श्मिटने १८०९ साली बांधलेलं ओंडक्यांचं प्रचंड कोठार होतंच. १९६० साली गाव लोकांसाठी उघडलं.

ओंटारिओतलं दुसरं असं गाव, मॉरिसबर्गजवळचं अपर कॅनडा व्हिलेज, ते तर थेट बुडिताचं अपत्य. सेंट लॉरेन्स नदीवर जलमार्ग आणि वीजप्रकल्प झाला तेव्हा १ जुलै १९५८ रोजी पाणी सोडलं आणि काठची खेडी खाली गेली. साडेसहा हजार माणसं उठवली होती. त्यातली निवडक घरं चाकांवर घालून आणली आणि १९६१मध्ये तिकीट लावलं. कोयना आणि उजनीच्या देशातून आलेल्या माणसाला त्यात नवल वाटलं ते एवढंच, की घरं हलवायला पैसे होते.

कपडे धुण्याची रांग

नातवाला केरसुणीत रस नव्हता. त्याला रांग दिसली होती. गवतावर दोन लाकडी टबं, एक पन्हळीचा घासायचा पाट, साबणाची वडी आणि कपडे पिळायचं हाताने फिरवायचं रूळयंत्र. वीस-पंचवीस पोरं रांगेत, प्रत्येकाला एक फडकं धुवायचं होतं.

"घरी मोजे उचल म्हटलं तर कानात बोळे," लेक म्हणाली. तिच्यामागे ब्रॅम्प्टनहून आलेलं एक मराठी कुटुंब होतं. त्यातल्या बाईंनी ओळख करून घ्यायच्या आधीच होकार भरला, "आमच्याकडे डिशवॉशर लावायलासुद्धा ढकलावं लागतं हो."

पोरांनी पाणी उपसलं, फडकी घासली, रुळांतून पिळली, दोरीवर लाकडी चिमट्यांनी लावली. कार्यकर्ती मुलगी, लांब झगा आणि डोक्याला टोपडं घातलेली, वाळलेली फडकी पुन्हा टोपलीत टाकत होती, म्हणजे पुढच्या रांगेला. मळ कुठेच नव्हता. सणाची ही खरी अडचण. काम आहे, पण कामाचा बोजा नाही. सोमवारी धुणं म्हणजे रविवारी रात्रीपासून पाणी भरणं, चूल पेटती ठेवणं, उकळत्या टबात काठी फिरवणं आणि हिवाळ्यात दोरीवरचा सदरा फळीसारखा ताठ होणं. ते पाच मिनिटांच्या रांगेत कसं दाखवणार?

पण ती मुलगी हुशार होती. पोरांनी साबणाचं विचारलं तेव्हा तिने साबण कसा होतो ते सांगितलं. हिवाळाभर चुलीची राख पिंपात साठवायची. वरून पाणी ओतायचं, खालून निथळलेलं तांबडं खाराचं पाणी धरायचं. त्यात अंडं सोडायचं. अंडं बुडालं तर खार कमी, आडवं तरंगलं तर जास्त. नाण्याएवढा भाग वर राहिला तर बरोबर. मग डुकराची चरबी घालून दिवसभर उकळायचं. "वास कसा येतो?" एका पोराने विचारलं. "जेवण जात नाही," ती म्हणाली. रांगेतली दोन पोरं आपल्या हाताचा वास घेऊ लागली.

हे कार्यकर्ते भूमिका करत नाहीत, हे मला आवडलं. काही ठिकाणी असे लोक १८५० सालात असल्यासारखे वागतात, विमान गेलं तर वर बघून दचकतात. इथे कपडे जुने, बोलणं आजचं. प्रश्न विचारला तर सरळ उत्तर मिळतं, 'त्या काळी असं होतं आणि आम्हाला हे अमुक हिशेबवहीतून कळलं'.

जवसाचा सदरा

विणकराच्या घराबाहेर जवसाच्या पेंढ्या ठेवल्या होत्या. आपल्याकडे जवस म्हणजे चटणी. इकडे त्याच्या काटकीतून कापड निघे. रोप कापत नाहीत, मुळासकट उपटतात, म्हणजे तंतूची लांबी वाया जात नाही. बोंडं फणीतून ओरबाडून बी वेगळं काढायचं. मग पेंढ्या शेतात दवात पसरून तीन-चार आठवडे कुजू द्यायच्या. आतली काटकी सुटी व्हायला हवी, पण तंतू सडता कामा नये. एक दिवस उशीर झाला तर पीक गेलं. त्यानंतर लाकडी दाढांच्या यंत्राखाली पेंढी चेचायची, लाकडी सुरीने झोडपून काटकी झाडायची आणि उरलेली जटा खिळ्यांच्या फणीतून ओढायची.

चेचण्यापासून पुढचं सगळं मी हाताने करून बघितलं, कारण पोरांची रांग तिथे नव्हती. दाढांखाली पेंढी धरली की कडकड आवाज येतो आणि काटक्यांचा भुसा चपलेत शिरतो. फणीतून ओढल्यावर हातात उरली ती फिक्या सोनेरी केसांची एक बट. हाताच्या कवेत न मावणाऱ्या पेंढीतून करंगळीएवढी. फणीत अडकलेला आखूड कचरा पोत्यांना आणि दोरांना. आता त्या बटेचं सूत काढायचं, बोट ओलं करत करत. मग माग, मग कापड गवतावर पसरून उन्हात पांढरं करायचं.

एक सदरा व्हायला किती दिवस लागत असतील, असं मी विणकर बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, की म्हणूनच लोक दुकानातून कापड विकत घेत.

मी लिहून घेतलं आणि पुन्हा विचारलं. हो, विकत. अपर कॅनडा म्हणजे आजच्या ओंटारिओच्या खेडवळ दुकानांच्या जुन्या हिशेबवह्या इतिहासकार डग्लस मॅककॅला यांनी बारकाईने वाचल्या आणि त्यावर 'कन्झ्युमर्स इन द बुश' हे पुस्तक २०१५ साली काढलं. जंगलात राहणाऱ्या, सगळं हाताने करणाऱ्या स्वावलंबी कुटुंबाचं जे चित्र आपल्या डोक्यात असतं ते या वह्यांत टिकत नाही. माणसं सुरुवातीपासून उधारीवर कापड, चहा, तंबाखू, दारू, काचेची तावदानं, खिळे घेत होती. कापडात मोठा वाटा इंग्लंडच्या गिरण्यांतल्या सुतीचा. घरी मेंढरं असत, चरखा असे, पण सगळं अंगावरचं घरचं नसे.

मग ते पैसे कुठून आणत? त्यात राखेचा हात होता. जंगल तोडायचं, ओंडके रचून जाळायचे, राखेचं पाणी आटवून पोटॅश करायचं आणि ते माँट्रियलमार्गे इंग्लंडला, काच आणि कापडाच्या कारखान्यांना. जमिनीतलं पहिलं पीक येण्याआधी झाडांचीच राख विकून रोख हातात येई. त्यानंतर गहू. म्हणजे झाड जाळून जी राख झाली ती मँचेस्टरला जाऊन तिथलं छापील चीट परत येत होतं.

विणकर बाईंच्या खोलीत रंगवलेल्या लोकरीच्या लडी टांगल्या होत्या. पिवळा रंग जंगली फुलांचा, तपकिरी आक्रोडाच्या सालीचा. निळ्याला इथे घरचं झाड नाही. तो निळीचा, विकत आणलेला, आणि त्या काळी लंडनच्या बाजारात येणारी बहुतेक नीळ बंगालची. तिची ढेकळं फोडून शिळ्या मुताच्या मडक्यात घालून चुलीजवळ उबेला ठेवत, कारण नीळ नुसत्या पाण्यात विरघळत नाही. लोकर त्यातून बाहेर काढली की हिरवी दिसते आणि हवा लागताच डोळ्यांदेखत निळी होत जाते. बंगालच्या रयतेकडून नीळ कशी पिकवून घेतली जात होती हे मराठी वाचकाला सांगायला नको. कॅनडाच्या जंगलातल्या बाईच्या निळ्या शालीचं ते दुसरं टोक. पलीकडे पत्र्याची भांडी करणाऱ्याच्या पाटीवर चकाकणारे कथील चढवलेले पत्रे होते. तेही त्या काळी वेल्समधून यायचे. या गावात 'सगळं इथलंच' असं म्हणावं अशी वस्तू मला सापडेना, अगदी केरसुणीतली ज्वारीसुद्धा.

बाराव्या हिश्श्याची चक्की

ओढ्याच्या बाजूला दगडी पाणचक्की. ओवेन रोब्लिनने १८४२ साली ती प्रिन्स एडवर्ड काउंटीतल्या अमेलियासबर्गला बांधली. साठच्या दशकात तिची यंत्रं इथे आणून पुन्हा उभी केली. चाक वरून पडणाऱ्या पाण्याने फिरतं. आत शिरलं की पायाखालच्या फळ्या थरथरतात आणि कानात बोलणं शिरत नाही. गहू पट्ट्यावरच्या डबड्यांतून वरच्या मजल्यावर चढतो, तिथून नळ्यांनी तळ्यांवर उतरतो.

दगडी तळ्या दोन, खालची स्थिर, वरची फिरती. त्यांच्यात कागदाएवढं अंतर. एकमेकींना लागल्या तर ठिणगी उडते आणि पिठाच्या धुळीत ठिणगी म्हणजे अख्खी चक्की उडाली. चक्कीवाला गाळणीखाली हात घालून पीठ अंगठा आणि तर्जनीमध्ये चोळत होता. गरम लागलं तर तळ्या जवळ आल्या आहेत, रवाळ लागलं तर लांब. मधूनच तो एक लाकडी चाक तिळभर फिरवे.

तळ्यांवर खोल चरे असतात, केंद्राकडून कडेला तिरके गेलेले. दळून दळून ते झिजतात. मग वरची तळी यारीने उचलून उलटी करायची आणि टाकीने चरे पुन्हा कोरायचे. टाकीचे कण उडून हातांच्या पाठीवर रुततात. असे काळे ठिपके ज्याच्या हातावर जास्त, त्याला काम येतं असं समजावं, असं चक्कीवाल्यांत म्हणत. टाकी लावायचं काम आता फार थोड्यांना येतं. चक्कीवाला म्हणाला, की हे शिकायला कुणी येत नाही असं नाही, पण शिकून पुढे काय करणार?

शेतकरी गहू घेऊन येई आणि पैसे न देता धान्यातला वाटा देई. तो वाटा किती, यावरून भांडणं होत, म्हणून अपर कॅनडाच्या पहिल्याच विधिमंडळाने १७९२ साली कायदा केला, की चक्कीवाल्याने बाराव्या हिश्श्याहून जास्त घेऊ नये. नव्या वसाहतीत पूल नाहीत, रस्ते नाहीत, पण दळणाचा कायदा आधी. त्यावरूनच कळतं की चक्कीवाला किती बलाढ्य होता.

अमेलियासबर्गला चक्की गेल्यावर तिची जागा रिकामी राहिली. कवी अल पर्डी १९५७पासून तिथल्या रोब्लिन तलावाकाठी स्वतः बांधलेल्या घरात राहत होते. त्या पडक्या चक्कीवर आणि ओवेन रोब्लिनवर त्यांनी कविता लिहिल्या. १९७४चा 'इन सर्च ऑफ ओवेन रोब्लिन' हे त्यांचं पुस्तकभर लांबीचं दीर्घकाव्य. इथे यंत्रं फिरताहेत, पीठ पडतंय, पोरं बघताहेत. तिथे तलाव आहे, वळण आहे आणि चक्की नाही. दोन्हींपैकी कुठलं जतन खरं, हे मी ठरवू शकले नाही. पीठ मात्र विकत घेतलं. लेकीने त्याच्या पोळ्या केल्या. कणीक जरा आडमुठी, पण चव चांगली.

इर्जिक आणि व्हिस्की

पेनसिल्व्हेनियातून आलेल्या जर्मन वंशाच्या कुटुंबांनी हा परिसर वसवला, म्हणून सप्टेंबरातल्या इथल्या सणाला पूर्वापार त्यांचा रंग आहे. सॉसेज, आंबवलेली कोबी, भज्यांसारखे तळलेले सफरचंदाचे काप. सगळ्यात मोठी गर्दी मात्र ॲपल बटरच्या कढईभोवती. त्यात लोणी नसतं. तांब्याच्या कढईत सफरचंदाचा रस आटवायचा, मग सोललेल्या फोडी घालायच्या आणि सबंध दिवस ढवळत राहायचं. ढवळायचं फळकं हातभर लांब आणि त्याला बांबूसारखा दोन माणसं मागे उभी राहतील एवढा लांब दांडा, म्हणजे आच आणि उडणारे चटके लांब राहतात. साखर लागत नाही, फळाचाच गोडवा दाटतो. सकाळी पिवळसर असलेला रस चारच्या सुमारास गडद तांबूस, धुरकट वासाचा झाला आणि ज्यांनी दिवसभर आळीपाळीने ढवळलं त्यांचे चेहरे आपल्या गुऱ्हाळावरच्या माणसांसारखे दिसायला लागले.

एकट्याने होणार नाही ते सगळं काम अशा इर्जिकीने होई. कोठार उभं करणं, ओंडके जाळायला रचणं, मका सोलणं, क्विल्टला टाके घालणं. ज्याच्याकडे काम, त्याने जेवण आणि व्हिस्की द्यायची. ज्यांनी हात लावला, त्यांच्याकडे नंतर आपण जायचं. कोण आलं नव्हतं हे वर्षानुवर्षं लक्षात राही. सणाच्या जाहिरातीत यालाच शेजारधर्म म्हणतात आणि तो होताही. पण सुझाना मूडी या इंग्लंडहून पीटरबरोजवळच्या जंगलात राहायला आलेल्या लेखिकेने १८५२च्या 'रफिंग इट इन द बुश'मध्ये याच इर्जिकीची यथेच्छ हजेरी घेतली आहे. दारू, गोंधळ, भांडणं, आणि इतक्या माणसांचं रांधता रांधता घरच्या बाईचा झालेला पिट्टा. तिचीच बहीण कॅथरिन पार ट्रेल हिने १८५४मध्ये परदेशातून येणाऱ्या बायकांसाठी मार्गदर्शक पुस्तक लिहिलं, साबण, मेणबत्त्या, पाव, रंग कसे करायचे ते सगळं नीट समजावणारं. एकाच आईच्या दोन लेकी, एकाच जंगलात. सणात बोलणारी सगळी माणसं ट्रेलबाईंच्या वळणाची असतात. मूडीबाईंना कुणी बोलावत नाही.

क्विल्ट शिवणाऱ्या बायकांच्या चौकटीला सहा खुर्च्या होत्या आणि पाच भरलेल्या. मला बसायला सांगितलं. एका इंचात किती टाके बसतात यावर तिथे शांतपणे स्पर्धा चालली होती. माझे टाके बघून शेजारच्या आजीबाईंनी काही म्हटलं नाही, पण मी उठल्यावर तेवढा भाग त्यांनी उसवला असावा.

जमीन आणि अटी

ब्लॅक क्रीकच्या काठी, इथून फार लांब नाही अशा ठिकाणी, पंधराव्या शतकातल्या एका मोठ्या वस्तीचे अवशेष सापडले आहेत. पार्सन्स साइट म्हणतात. लांबच लांब घरं, भोवती लाकडी खांबांची तटबंदी; वेंडाट लोकांच्या पूर्वजांची. ते मका, घेवडा आणि भोपळा पिकवत. म्हणजे स्टाँग मंडळी आली तेव्हा हे काही मोकळं रान नव्हतं. आताच्या टोरांटोची जमीन इंग्रजांनी १७८७ साली मिसिसागा लोकांकडून 'घेतली'. त्या कागदावर जमिनीचं वर्णनच नव्हतं. म्हणून १८०५ साली पुन्हा करार झाला, दहा शिलिंगांत. त्या व्यवहाराचा दावा २०१० साली १४५ दशलक्ष डॉलर देऊन मिटवण्यात आला. आता संस्थेने गावाच्या 'ब्लॅक क्रीक पायोनियर व्हिलेज' या जुन्या नावातला 'पायोनियर', म्हणजे पहिला वसाहतकार, काढून टाकला आहे आणि 'द व्हिलेज ॲट ब्लॅक क्रीक' असं नाव घेतलंय. शेजारचं मेट्रो स्टेशन मात्र २०१७मध्ये उघडलं ते 'पायोनियर व्हिलेज' या नावानेच, आणि परतताना आम्ही तिथेच गाडीची वाट बघत होतो.

ब्रॅम्प्टनचं कुटुंबही तिथेच. ते नाशिकचे निघाले. पोरं खेळत होती, आम्ही मोठी माणसं त्या पहिल्या ओंडक्यांच्या घरावर बोलत होतो. मी त्यांना त्या काळच्या अटी सांगितल्या, कारण त्या मला दिवसभर छळत होत्या. सरकारी जमीन मिळाली तरी ती लगेच तुमची होत नसे. ठरलेल्या मुदतीत शंभर एकरांमागे पाच एकर तोडून कुंपण घालायचं, सोळा बाय वीस फुटांचं घर बांधायचं, समोरच्या रस्त्याची आपल्या बाजूची झाडं काढायची. हे झाल्याचा दाखला आणला आणि फी भरली, की मग कागद. त्याशिवाय विकता येत नसे.

"म्हणजे पीआर, पर्मनंट रेसिडेन्सी," नाशिकचे गृहस्थ म्हणाले. "आम्हाला पाच वर्षांत सातशे तीस दिवस इथे राहायची अट होती. बाबा आजारी होते तेव्हा दिवस मोजत राहिलो होतो."

"सिटिझनशिपला एक हजार पंच्याण्णव," जावई म्हणाला. त्याला आकडा तोंडपाठ होता.

मी सांगितलं, की लोक अटी चुकवायचेही. घर म्हणजे चार ओंडके रचायचे, आणि सगळं पूर्ण झाल्याचा खोटा दाखला कुणाकडून तरी लिहून घ्यायचा. जमिनीचे सट्टेबाज तर हमखास.

"घ्या! म्हणजे कन्सल्टंट तेव्हाही होतेच," जावई म्हणाला, आणि गाडी आली.